लेखक: झुल्मा ओलासो

१७ ऑगस्ट २००९, सोमवार

शून्य! पडद्यावर एकही तक्रार नाही!

गेले दोन आठवडे हे मॅन्युअल बनवणारं टूल माझ्या डोक्यावर मिरे वाटत होतं. "या फाइलला लेखक नाही." "या फाइलला लेखक नाही." सारखी तीच रड. आज तोंड बंद केलं त्याचं. एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो सगळ्या फाइलींतून फिरला आणि जिथे लेखकाची ओळ नव्हती तिथे ती भरून आला. मग टूल पुन्हा चालवलं. येर्बाच्या चहाचं पाणी तापेपर्यंत अख्खं मॅन्युअल तयार! डावीकडे सूची, उजवीकडे मजकूर, कुठल्याही नावावर बोट ठेवा की त्याचं पान उघडतं.

दार्दो खांद्यावरून डोकावला. साहेब असला तरी त्याला कोड वाचता येत नाही, पण चकचकीत काही दिसलं की लगेच कळतं. "हे सगळं आपल्याच कोडमधून निघालं? आपोआप?"

"आपोआप," म्हटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

१८ ऑगस्ट

आईला समजावून सांगता सांगता पुरेवाट. "म्हणजे पुस्तक लिहिलंस तू?"

"नाही गं. आम्ही कोड लिहितो ना, तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर दोन ओळी साध्या भाषेत लिहून ठेवतो. हा तुकडा काय करतो, कशासाठी आहे. हे टूल तेवढ्या ओळी वेचून आणतं आणि त्यांचं पुस्तक बांधतं."

"मग त्या ओळी कोणी लिहिल्या?"

"बऱ्याचशा विल्मारनं."

"तोच ना, मे महिन्यात घरी बसवलेला? बिचारा! मिळाली का त्याला कुठे नोकरी?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मेपासून एक फोन केलेला नाही मी त्याला. सात वर्षं शेजारच्या टेबलावर बसलो आम्ही. मला दुधाचा धंदा कळला तो त्याच्यामुळे.

२४ ऑगस्ट

आज रात्री, दरवर्षी या तारखेला पडतं तसं, सगळं मोन्तेविदेओ जुन्या गाण्यांवर नाचायला बाहेर पडणार. मी नाही. चाळिशीत गुडघे दुखतात आणि जुनी गाणी ऐकली की उगाच रडू येतं.

२६ ऑगस्ट, बुधवार

तिहेरेता डेअरीत मॅन्युअल दाखवायला गेलो, मी आणि दार्दो. फाटकावर टँकर येतात, दूध किती वेळापूर्वी काढलंय, किती गार आहे ते बघून आत घ्यायचं की नाही ते ठरतं. तो सगळा कारभार आमच्या प्रोग्रामवर चालतो. आमच्या म्हणजे विल्मारच्या.

तिथे या महिन्यात नवीन व्यवस्थापक आल्यात, बिदेगाइनबाई. करड्या केसांच्या, बोलणं तोडून. एकेक पान सावकाश खाली सरकवत वाचत होत्या. मध्येच थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं सगळं तुम्ही एकट्यांनी?"

मला कळेना. पडद्याकडे बघितलं. पानाच्या तळाशी: लेखक: झुल्मा ओलासो. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच!

तिथेच उमगलं. लेखकाचं नाव भरायला मी जो प्रोग्राम लिहिला, तो चालवणाऱ्याचं नाव भरत होता. आणि चालवलं कोणी? मी! विल्मार आपली सही टाकायचा, पण त्याच्या पद्धतीनं. फाइलच्या अगदी शेवटी, 'वि. ए.' एवढीच अक्षरं. टूल तिथे बघत नाही. त्याला ठराविक जागी ठराविक खूण लागते. ती दिसली नाही म्हणून माझा प्रोग्राम मुकाट माझं नाव घालून मोकळा झाला.

सांगणार होते. शपथ, तोंड उघडलं होतं! तेवढ्यात दार्दो म्हणाला, "आमची झुल्मा म्हणजे झुल्माच हो!" बाई हसल्या. मग मीही हसले.

२७ ऑगस्ट

आज दुरुस्त करीन म्हटलं होतं. दिवस मीटिंगांत गेला.

३ सप्टेंबर, गुरुवार

विल्मारचा फोन. मेनंतर पहिल्यांदा. आवाज ऐकून आधी आनंदच झाला.

"बये, तू तर मोठी लेखिका झालीस की!" म्हणाला. हसून म्हणाला, पण हसू बरोबर नव्हतं.

डेअरी स्वतःचा कॉम्प्युटर विभाग काढतेय. विल्मारनं अर्ज केला. मुलाखतीला गेला. बिदेगाइनबाईंनी विचारलं, दुधाच्या कामाचा अनुभव काय? हा म्हणाला, तुमच्या फाटकावरचा प्रोग्राम माझाच. बाईंनी काही न बोलता मॅन्युअल उघडलं आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. पानामागून पान माझं नाव!

"'सेन्योर एचेनिके, बढाई मारायची तर तपासता येणार नाही अशी मारावी'—असं म्हणाली गं मला. या वयात! उठून आलो. दाराशी माझी छत्री राहिली, ती घ्यायलासुद्धा परत गेलो नाही."

मी भराभरा सगळं सांगितलं. टूल, तक्रारी, माझा तो मूर्ख प्रोग्राम. तो ऐकून घेत होता. म्हणाला, "मी कुठे म्हणतोय तू मुद्दाम केलंस? टूल नाही ऐकत कोणाचं, मला ठाऊक आहे. फक्त नाव परत टाक. तेवढाच एक उपकार कर. जागा अजून भरलेली नाही. मी पुन्हा जाईन."

"उद्याच," म्हटलं.

जुना इतिहास असता तर प्रश्नच नव्हता. कोणी कुठली ओळ कधी लिहिली ते एका झटक्यात दिसलं असतं. पण जुलैत सगळा कोड नव्या सर्व्हरवर हलवला, तेव्हा तो इतिहास मागेच राहिला आणि जुनी डिस्क पुसून टाकली. आता कोडकडे बघितलं तर सगळं जुलैतच, एकाच दिवशी जन्मलंय. म्हणजे हा प्रोग्राम विल्मारनं लिहिला याला बाहेरच्यांना दिसेल असा पुरावा उरलाय तो एकच: मॅन्युअल. आणि त्यात मी!

४ सप्टेंबर

नाही झालं.

७ सप्टेंबर, सोमवार

दार्दोनं सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं. डेअरी आणखी तीन वर्षांचा करार करतेय. "मॅन्युअल बघून बाई खूश!" आणि करार झाला की टीमप्रमुख झुल्मा ओलासो. टाळ्या. कोणीतरी बेकरीतून बिस्कोचो आणले होते, ते हातात तसेच राहिले माझ्या.

नंतर त्याच्या खोलीत गेले. म्हटलं, "दार्दो, मॅन्युअलमध्ये लेखकाचं नाव चुकलंय."

"कुठल्या पानावर?"

"सगळ्या."

त्याला गंमत वाटली. मग दार लावून घेतलं. "हे बघ. करारावर सही होईपर्यंत मॅन्युअलला हात लावायचा नाही. आज एक नाव, उद्या दुसरं, असं दिसलं तर बाईला वाटेल आमच्याकडे सगळा सावळागोंधळ आहे. सही झाली की टाक तुला हवं त्याचं नाव. माझ्या कुत्र्याचं टाक!"

भांडायला हवं होतं. मूग गिळून बाहेर आले. आणि इथे तरी खरं लिहायला काय हरकत आहे! दार्दोनं नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. टीमप्रमुख! आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पहिला प्रश्न विल्मारचाच विचारेल.

११ सप्टेंबर

विल्मारचा निरोप: "झालं?" उत्तर दिलं नाही.

१९ सप्टेंबर, शनिवार

टाळणार तरी किती. रांब्लावर, काठाच्या रस्त्यावर, भेटलो, नदीकडे तोंड करून बसलो. वारा असा की टोपी धरून बसावं लागत होतं. त्यानं बगलेतला थर्मास काढला, येर्बा भरला, पहिला पेला स्वतः घेतला, दुसरा मला दिला. ऑफिसात रोज दुपारी हेच चालायचं आमचं, आणि वर त्याची बडबड. एकदा मी विचारलं होतं, दूध किती शिळं ते मोजताना तू भिंतीवरचं घड्याळ का वापरत नाहीस? तर म्हणाला, "सरकार ऑक्टोबरात घड्याळ पुढे करतं. गाईला कोण सांगणार?" मी पोट धरून हसले होते.

आज बडबड नव्हती. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर विरलेली. त्याची बायको आता दोन ठिकाणी शिकवायला जाते म्हणाला. "मी घरी स्वयंपाक करतो. वाईट नाही करत, पण तिनं 'छान झालंय' म्हटलं की घास अडकतो बघ."

मग: "केलंस का गं ते?"

आणि मी म्हटलं, "झालंच म्हण."

झालंच म्हण! जीभ झडायला हवी होती माझी. त्याचा चेहरा एवढा उजळला. म्हणाला, आठ ऑक्टोबरला परत जातो बाईकडे. मग माझ्याकडे नीट बघितलं त्यानं. सात वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला कळतंच. मी पुढचा पेला भरून त्याच्यापुढे केला, तर हात आडवा करून म्हणाला, "धन्यवाद." म्हणजे आता पुरे, तुझ्याबरोबर आणखी नको. थर्मास त्याचा, येर्बा त्याचा, आणि धन्यवाद त्यानंच म्हणावं!

चालत घरी आले. बस सोडल्या दोन-तीन. बसमध्ये बसून रडणं मला जमत नाही.

२१ सप्टेंबर

काम सुचत नाही. एक ओळ बदलायची आणि टूल चालवायचं. येर्बाचं पाणी तापेपर्यंत होणारं काम! रोज सकाळी ठरवते, आणि रोज वाटतं, सहीच होऊ दे ना, चारच दिवस. स्वतःचाच राग येतो. राग येतो आणि तरी करत नाही, याला काय म्हणायचं?

२९ सप्टेंबर

काल करारावर सही झाली. आज एकोणतीस, दर महिन्यासारखी आईकडे न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. घरात पैसा यावा म्हणून ताटाखाली नाणं ठेवून जेवलो. आई म्हणाली, "तोंड का पाडलंयस, झुल्मे? बढती मिळाली ना?" कुठून कळलं हिला!

आता सबब उरली नाही.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

केलं!

दार्दोला विचारलं नाही. सकाळी बसले ती दुपारी उठले. प्रोग्रामवर नाही सोडलं या वेळी. एकेक फाइल उघडली, शेवटपर्यंत गेले, 'वि. ए.' दिसलं की वर लेखकाच्या जागी लिहिलं: विल्मार एचेनिके. त्याच्या कॉमेंट्स वाचत गेले. किती सरळ लिहितो हा माणूस! "दूध थांबत नाही, म्हणून हा भागही थांबू नये." असलं काय काय.

फाटकाची फाइल शेवटी. तिच्यात थोडं माझंही आहे. जूनमध्ये डेअरीनं एक नियम मागितला होता: दूध ठराविक वेळेपेक्षा शिळं असेल तर फाटकावरूनच परत पाठवायचं, पहारेकऱ्याला न विचारता. विल्मार तोवर गेलेला, म्हणून तो मी लिहिला. क्षणभर वाटलं, इथे दोन नावं द्यावीत का? मग लाज वाटली. महिनाभर त्याच्या सगळ्या पानांवर बसून राहिले, आणि आता चार ओळींच्या ठिगळासाठी हिस्सा मागू? फक्त विल्मार एचेनिके. संपलं.

टूल चालवलं. नवीन मॅन्युअल डेअरीच्या साइटवर चढवलं. त्याला निरोप पाठवला: "बघ." त्याचं उत्तर आलं: "बघितलं. आता खरंच बघितलं."

तो 'आता खरंच' लागला. लागू दे. जीव भांड्यात पडला माझा. महिन्यानंतर आज नीट जेवले.

४ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास पुढे. सकाळ अर्धी गेल्यासारखी वाटली.

दुपारी दार्दोचा फोन. आवाज चिरका. डेअरीच्या फाटकावर पहाटेपासून टँकर परत पाठवले जातायत. दूरच्या गोठ्यांचे सगळे! रविवार, म्हणून फाटकावर एकटा पहारेकरी, आणि प्रोग्राम "परत" म्हणतो म्हटल्यावर तो तरी काय करणार? उन्हात उभं राहून दूध नासलं. शेवटी ड्रायव्हरांनी रस्त्याकडेच्या रानात नळ्या सोडल्या. टीव्हीवर दाखवलं. पांढरा ओहोळ, आणि एक म्हातारी टँकरच्या चाकाशी नुसती उभी.

मला कारण बघायचीसुद्धा गरज पडली नाही. दार्दो बोलत होता तेव्हाच कळलं. जूनमधला नियम. मी भिंतीवरचं घड्याळ वापरलं! रात्रीत घड्याळ तासभर पुढे उडालं, आणि दूर गोठ्यातून निघालेलं ताजं दूध कागदावर तासभर शिळं झालं. विल्मारनं सात वर्षं जे टाळलं, ते मी एका दुपारी करून ठेवलं.

५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ऑफिसात सगळ्यांची पाचावर धारण बसली असेल अशा तयारीनं गेले. तर दार्दो शीळ घालतोय!

"बाईंनी मॅन्युअल उघडलं," म्हणाला. "फाटकाचं पान. लेखक कोण? विल्मार एचेनिके! आपल्याकडून गेलेला माणूस. बाईंनी त्यालाच बोलावून घेतलंय झाडायला. आपल्यावर काही नाही." आणि मग आवाज खाली करून, डोळा मारून: "शुक्रवारी बदललंस. रविवारी घड्याळ! पोरी, तुझ्यापुढे मी कच्चा."

त्याला खरंच वाटतंय मी ठरवून केलं. सगळ्यांनाच वाटणार. विल्मारला?

दिवसभर फोन लावला त्याला. बंद.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दार्दोला सरळ सांगितलं. "ती ओळ माझी आहे. जूनमधली. विल्मार मेमध्येच गेला."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते!"

"मॅन्युअल तसं म्हणत नाही." हसला. "तूच सांगायचीस ना, ते कोडमधून आपोआप निघतं, त्यात माणसाची लबाडी चालत नाही? आता बाईंना काय सांगू, की चालते? करार जाईल, झुल्मा. पंधरा माणसं जातील. डेअरीनं कोणालातरी बोलावून कालच बिघाड दुरुस्त करून घेतलाय म्हणे. मिटलं. आता उकरू नकोस."

विल्मारचा फोन अजून बंद. घरी जाऊन आले, कुलूप. शेजारीण म्हणाली, कालपासून पहाटे निघतो, कुठे जातो कोण जाणे, चेहरा वेगळाच दिसत होता त्याचा. मनात नको नको ते आलं. माझं नाव असतं त्या पानावर तर हे माझ्यावर आलं असतं, आणि न्यायानं आलं असतं. महिनाभर जिथे माझं नाव नको होतं तिथे ठेवलं, आणि एकाच पानावर हवं होतं तिथून काढलं. चांगुलपणा दाखवायला!

७ ऑक्टोबर, बुधवार

या वेळी उशीर नाही. उद्याही नाही, सहीनंतरही नाही.

बिदेगाइनबाईंना पत्र लिहिलं आणि सकाळीच स्वतः नेऊन त्यांच्या कचेरीत दिलं. त्या आत होत्या, मी थांबले नाही. सगळं लिहिलंय. घड्याळाची चूक माझी. तो नियम तुमच्याच डेअरीनं जूनमध्ये मागितला, तुमच्याकडची तारीख बघा. विल्मार एचेनिके मेमध्येच आमच्याकडून गेला, त्यानं ती ओळ पाहिलेलीसुद्धा नाही. मॅन्युअलमध्ये नाव मी घातलं. आधीचंही मीच चुकवलं.

मग ऑफिसात येऊन दार्दोच्या टेबलावर राजीनामा ठेवला. तो जे बोलला ते लिहीत नाही. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. ये जेवायला." महिन्यात पहिल्यांदा मला माझं तोंड आरशात बघवलं.

८ ऑक्टोबर, गुरुवार

विल्मारचा फोन. डेअरीतून बोलत होता, बाहेरच्या फोनवरून. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, कपाटात ठेवावा लागतो, म्हणून बंद होता.

सोमवारी बाईंनी बोलावलं तेव्हा त्यानं कोड उघडला आणि बघताक्षणी ओळखलं की हा हात माझा. तरी म्हणाला, चूक माझी, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो. केली. बाई म्हणाल्या, चूक अंगावर घेणारा माणूस मला हवाच होता, आणि मंगळवारी त्याला कामावर घेतलं. "तुझ्यासाठी नव्हतं केलं हं," म्हणाला. "मला नोकरी हवी होती."

काल दुपारी बाईंनी माझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. पहिल्यांदा बढाईखोर ठरला, आता खोटारडा. नोकरी गेली; आज तो पगाराचा हिशेबसुद्धा न करता निघाला.

रागावलासुद्धा नाही. म्हणाला, "नेहमीसारखा उशीर केला असतास ना बये, तर बरं झालं असतं."